पहिल्या दहा चाली

पट मांडून झाला की पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी २० पर्याय असतात. आठही प्यादी एक किंवा दोन घरे पुढे सरकू शकतात, त्या १६ चाली. दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन, त्या ४. काळ्यालाही उत्तरासाठी तेवढेच पर्याय. दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंत डाव १,९७,२८१ वाटांनी जाऊ शकतो आणि तीन-तीन चालींनंतर हा आकडा अकरा कोटींच्या पुढे जातो. या पसाऱ्याची नव्या खेळाडूला धास्ती वाटते आणि तो पाठांतराचा आधार शोधू लागतो. सिसिलियन, फ्रेंच, रुय लोपेझ, क्वीन्स गॅम्बिट ही नावे कानावर पडलेली असतात. मग नऊ-दहा वर्षांची मुले कुठल्या तरी बचावाच्या बारा-पंधरा चाली घडाघडा म्हणून दाखवतात, आणि समोरच्याने चौथ्याच चालीला पुस्तकाबाहेरचे काही खेळले की पटाकडे बघत बसून राहतात.

या मुलांना कमी शिकवले गेले असे नाही. चुकीच्या क्रमाने शिकवले गेले. नावे आणि ओळी नंतर याव्यात. आधी एक प्रश्न अंगवळणी पडावा, आणि तो प्रत्येक चालीआधी स्वतःला विचारावा: माझ्या कोणत्या मोहऱ्याला अजून काम मिळालेले नाही? सुरुवातीच्या खेळाची बहुतेक सगळी तत्त्वे या एका प्रश्नातून निघतात. ती पाहण्यासाठी मी एकच डाव घेणार आहे. तो अवघ्या १७ चालींचा आहे आणि गेली दीडशेहून अधिक वर्षे जगभरचे शिक्षक तो शिकवत आले आहेत. तो वाचताना पट समोर ठेवावा. उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी अक्षरे आहेत, आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे. पांढरा राजा ई१ वर उभा, काळा ई८ वर, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

डाव १८५८ सालचा, पॅरिसमधल्या ऑपेरागृहातला. पांढरे मोहरे पॉल मॉर्फीकडे. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा हा एकवीस वर्षांचा तरुण त्या वर्षी युरोपात आला होता आणि तिथल्या नामवंतांना हरवत सुटला होता. समोर दोघे मिळून खेळत होते: १८३० साली आपल्या राज्यातून हाकलला गेलेला ब्रन्सविकचा ड्यूक कार्ल, आणि काउंट इझुआर. एकमेकांशी सल्लामसलत करत दोघांनी चाली ठरवल्या.

मॉर्फीची पहिली चाल ई प्यादे दोन घरे, ई४. काळ्याचे उत्तर ई५. दोन्ही चाली उत्तम. पटाच्या मधोमध चार घरे आहेत, डी४, ई४, डी५ आणि ई५, आणि सुरुवातीची सगळी ओढाताण या चार घरांसाठी असते. का, ते मोजून पाहता येते. रिकाम्या पटावर घोडा मध्यभागी ठेवला तर तो ८ घरांवर जाऊ शकतो. कोपऱ्यात ठेवला तर फक्त २. उंट मध्यभागातून १३ घरांवर नजर ठेवतो, कोपऱ्यातून ७. वजीर मध्यभागी २७, कडेला २१. मोहरा तोच, पण मध्याकडे आला की त्याचे बळ वाढते, शिवाय तिथून तो डाव्या बाजूलाही धावू शकतो आणि उजव्याही. हत्तीची गोष्ट मात्र वेगळी आहे. रिकाम्या पटावर त्याला कुठेही ठेवा, त्याची घरे १४च. म्हणून हत्तीला मध्यभागाची घाई नसते. त्याला हवी असते प्याद्यांनी न अडलेली मोकळी उभी रांग. हा फरक फार थोड्या नवशिक्यांना कोणी समजावून सांगतो. परिणामी पहिल्याच चालीला कडेचे एच प्यादे दोन घरे पुढे जाते आणि मागून हत्ती उगाच बाहेर डोकावतो, तिथे त्याला समोरचा उंट सहज टिपतो.

ई४ चालीने आणखी एक काम झाले. मांडलेल्या पटावर उंटाला जायला एकही घर नसते, वजिरालाही नसते. ई प्यादे पुढे सरकताच एफ१ वरच्या उंटाची आणि वजिराची अशा दोन तिरप्या वाटा एकदम उघडल्या. प्याद्याची चाल चांगली की वाईट हे ठरवताना ती मागच्या कोणाला वाट देते हे आधी पाहावे. ए३ किंवा एच३ या चाली कोणाला वाट देत नाहीत. समोरचा उंट घोड्याला जखडेल या भीतीने मुले त्या करतात, आणि भीतीपोटी एक पूर्ण चाल खर्ची पडते. प्यादे मागेही येत नाही. बाकी प्रत्येक मोहऱ्याची चूक परत फिरून सुधारता येते, प्याद्याची नाही.

दुसऱ्या चालीला मॉर्फीने राजाच्या बाजूचा घोडा एफ३ वर काढला. तो ई५ च्या प्याद्यावर चालून गेला. एफ३ वरून घोडा ८ घरांवर नजर ठेवतो; तोच एच३ वर गेला असता तर ४ घरांवर. घोडे कडेला नेऊ नयेत हा जुना सल्ला या दोन आकड्यांवर उभा आहे.

काळ्याला आता ई५ चे प्यादे राखायचे होते. त्याने डी प्यादे एक घर पुढे टाकले, डी६. याला फिलिडोर बचाव म्हणतात, अठराव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकार आणि खेळाडू फिलिडोरच्या नावावरून. चाल चुकीची नाही. पण तिने एफ८ वरच्या उंटाची तिरपी वाट बुजवली. सी६ वर घोडा आणला असता तर प्यादेही राखले गेले असते आणि एक मोहराही कामाला लागला असता. राखायचेच असेल तर मोहरा बाहेर काढून राखावे. एका चालीत दोन कामे होतात. नव्या खेळाडूंना मी कायम घोड्याचीच चाल सुचवेन.

तिसरी चाल पांढऱ्याची डी४. मध्यभागात दुसरे प्यादे आले आणि ई५ वर आता दोघांचा मारा झाला. काळ्याने सी८ चा उंट जी४ वर आणून एफ३ चा घोडा वजिरासमोर जखडला. बघायला ही चाल तडफदार वाटते. पण मॉर्फीने डी४ च्या प्याद्याने ई५ चे प्यादे मारले आणि काळा कोंडीत सापडला. त्याने लगेच डी६ च्या प्याद्याने परत मारले असते, तर डी रांग मोकळी होऊन वजिरांची मारामारी झाली असती, काळ्या राजाला आपल्या हाताने वजीर मारावा लागला असता, आणि जखडणीतून सुटलेल्या घोड्याने ई५ चे प्यादे फुकट नेले असते. म्हणून काळ्याने आधी उंटाने घोडा मारला. पांढऱ्याने वजिराने उंट मारला. मग काळ्याने प्यादे परत घेतले.

इथे थांबून हिशेब करू. मोहऱ्यांच्या देवघेवीत दोघे बरोबरीत आहेत. पण काळ्याच्या उंटाने दोन चाली खर्चून आपला जीव दिला, तर पांढऱ्याचा वजीर मारता मारता आपसूक एफ३ वर येऊन बसला. काळ्याचा एकही मोहरा आता बाहेर नाही. बुद्धिबळात पैसा असतो तो चालींचा. दोघांना आळीपाळीने एकेकच चाल मिळते, त्यामुळे माझी वाया गेलेली चाल ही समोरच्याला मिळालेली जादा चाल.

इमान्युएल लास्करने १८९५ साली लंडनमध्ये काही व्याख्याने दिली, ती पुढे ‘कॉमन सेन्स इन चेस’ या नावाने पुस्तकरूपात आली. लास्कर तेव्हा नुकताच विश्वविजेता झाला होता आणि ते पद पुढे त्याने एकूण २७ वर्षे राखले. सुरुवातीबद्दल त्याने तिथे मोजकेच नियम सांगितले. प्यादी हलवायची ती राजा आणि वजीर यांच्या समोरची. एकच मोहरा दोनदा हलवू नये, पहिल्याच वेळी योग्य घरी बसवावा. उंटांआधी घोडे काढावेत. आणि समोरच्याने किल्लेकोट करण्यापूर्वी त्याच्या राजाच्या बाजूचा घोडा उंटाने जखडू नये. पॅरिसच्या त्या दोघांनी तिसऱ्या चालीला नेमके हे शेवटचे केले. घोडे आधी का? घोड्याची चांगली जागा सुरुवातीपासूनच ठाऊक असते, पांढऱ्यासाठी एफ३ आणि सी३, काळ्यासाठी एफ६ आणि सी६. उंटाची चांगली जागा प्यादी कुठे थांबतात यावर ठरते. जे आधीच माहीत आहे ते आधी करावे, जे ठरायचे आहे त्याला थोडा वेळ द्यावा.

सहाव्या चालीला पांढऱ्याचा उंट सी४ वर आला आणि एफ७ वर मात दिसू लागली. एफ७ हे मांडलेल्या पटावरचे काळ्याचे सर्वांत दुबळे घर आहे, कारण राजाखेरीज त्याला कोणाचाही आधार नाही. पांढऱ्याच्या बाजूला तसेच एफ२. काळ्याने घोडा एफ६ वर आणून वजिराची वाट अडवली. आता मॉर्फीने वजीर बी३ वर नेला. एकच मोहरा दोनदा हलवू नये म्हणतात, आणि मॉर्फी तर तेच करतो आहे; पण या चालीने एकाच वेळी एफ७ आणि बी७ अशा दोन ठिकाणी धोका तयार झाला. नियम मोडायला इतके ठोस कारण लागते. काळ्याने वजीर ई७ वर आणून एफ७ सांभाळले, आणि तसे करताना एफ८ च्या उंटासमोर आणखी एक अडसर उभा केला.

आता आठवी चाल. या प्रकरणात वाचकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथे. बी७ चे प्यादे मॉर्फीला फुकट मिळत होते. ते घेतल्यावर काळा वजीर बी४ वर येऊन शह देतो, वजिरांची मारामारी होते आणि पांढरा एका प्याद्याने वरचढ राहतो. शांतपणे जिंकायला तेवढे पुरले असते. मॉर्फीने ते प्यादे सोडून दिले आणि वजिराच्या बाजूचा घोडा सी३ वर काढला. समोरच्या राजाभोवती गर्दी आहे, त्याचे निम्मे सैन्य घरातच आहे. अशा वेळी वजिरांची देवघेव करून डाव निवांत करण्यापेक्षा आणखी एक मोहरा लढाईत आणणे त्याला मोलाचे वाटले. लोभ टाळा असा कोरडा उपदेश मुलांना करण्यात अर्थ नाही, फुकटचे प्यादे बहुतेक वेळा घ्यावेच. पण प्याद्याची किंमत आणि चालीची किंमत एकमेकांशेजारी ठेवून पाहायची सवय या एका चालीतून लागते, आणि ती मोठी गोष्ट आहे.

काळ्याने सी६ खेळून बी७ वजिराच्या आधाराखाली आणले. मॉर्फीने दुसरा उंट जी५ वर आणला आणि एफ६ चा घोडा वजिरासमोर जखडला. काळ्याने बी५ खेळून सी४ च्या उंटाला हुसकावले. दोघांच्या नऊ-नऊ चाली झाल्या. काळ्याच्या नऊपैकी पाच प्याद्यांच्या, दोन त्या मेलेल्या उंटाच्या. बाहेर आहेत फक्त एक घोडा आणि वजीर, तोही स्वतःच्याच उंटाची वाट अडवून. पांढऱ्याचे दोन उंट, एक घोडा आणि वजीर असे चारही जण राजाच्या दिशेने तोंड करून उभे. किल्लेकोट एका चालीवर.

चालींची आघाडी साठवून ठेवता येत नाही. समोरच्याला दोन-तीन निवांत चाली मिळाल्या की त्याचेही मोहरे बाहेर येतात, त्याचाही राजा कोटात जातो आणि आघाडी विरून जाते. ती असेतोवर रांगा उघडाव्या लागतात, त्यासाठी काही किंमत पडली तरी. मॉर्फीने दहाव्या चालीला घोड्याने बी५ चे प्यादे मारले. काळ्याने घोडा मारला, मॉर्फीने उंटाने दुसरे प्यादे मारून शह दिला. एका घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी, आणि काळ्या राजाकडे जाणाऱ्या वाटा खुल्या. काळ्याने बी८ चा घोडा डी७ वर आडवा घातला.

बाराव्या चालीला मॉर्फीने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. या एका चालीत राजा कडेला सुरक्षित गेला आणि हत्ती थेट डी१ वर, मोकळ्या रांगेत, डी७ च्या घोड्यासमोर येऊन उभा राहिला. किल्लेकोट, आजच्या मुलांच्या तोंडचे कॅसलिंग, ही निव्वळ बचावाची चाल आहे असे अनेक जण समजतात. ती हत्तीला कामावर आणणारी सर्वांत जलद चाल आहे, आणि एकाच चालीत दोन मोहरे हलवण्याची परवानगी नियम फक्त इथेच देतात.

पुढचे वेगाने घडते. काळा हत्ती डी८ वर आधाराला आला. पांढऱ्या हत्तीने डी७ चा घोडा मारला, काळ्या हत्तीने तो हत्ती मारला, आणि पांढऱ्याचा दुसरा हत्ती, त्याच्या सैन्यातला शेवटचा बेकार मोहरा, डी१ वर आला. काळ्याने जखडणीतून सुटण्यासाठी वजीर ई६ वर नेला. उंटाने डी७ चा हत्ती मारून शह, घोड्याने उंट मारला. सोळाव्या चालीला मॉर्फीने वजीर बी८ वर नेऊन बळी दिला. घोड्याला तो मारावाच लागला, आणि मोकळ्या झालेल्या डी रांगेतून हत्तीने डी८ वर मात केली, मागे जी५ चा उंट आधाराला. शेवटी पांढऱ्याकडे राजा आणि प्यादी सोडून फक्त एक हत्ती आणि एक उंट उरला होता. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट आणि घोडा होते. पण त्यातला एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती सबंध डावात एकदाही हलले नव्हते.

वजीर लवकर बाहेर काढू नये, असे सांगितले की मुले विचारतात, मग मॉर्फीने पाचव्याच चालीला का काढला? कारण त्या वेळी त्याच्यावर चालून जाणारा एकही काळा मोहरा बाहेर नव्हता. वजीर सर्वांत किमती, म्हणून त्याच्यावर कोणीही हल्ला केला की त्याला पळावे लागते, आणि हल्ला करणाऱ्याचा मोहरा मात्र फुकटात बाहेर येतो. शाळाशाळांत खेळली जाणारी चार चालींची मात घ्या. ई४, ई५, मग वजीर एच५ वर, उंट सी४ वर आणि एफ७ वर मात. गाफील मुलावर ती होते. पण काळ्याने दुसऱ्या चालीला घोडा सी६ वर आणला, तिसऱ्या चालीला जी६ खेळून वजिराला हाकलले, आणि वजीर एफ३ वर येताच चौथ्या चालीला दुसरा घोडा एफ६ वर ठेवला, की डाव फिरतो. काळ्याचे दोन्ही घोडे उत्तम जागी आहेत, उंटासाठी जी७ चे घर तयार आहे, आणि पांढऱ्याचा वजीर स्वतःच्याच घोड्याची जागा बळकावून बसला आहे. ही युक्ती मुलांना शिकवावी ती फक्त ओळखून परतवण्यासाठी. तिच्यावर चार डाव जिंकलेले मूल पाचव्यांदाही तेच करत राहते, आणि ती सवय मोडायला फार दिवस जातात.

सुरुवातीला इतकी घाई असते ती आजच्या नियमांमुळे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात नियम बदलले. त्यापूर्वी वजीर तिरपा फक्त एक घर चालायचा, उंट दोन घरे उडी मारायचा. सैन्ये सावकाश एकमेकांजवळ येत. वजीर आणि उंट यांना पटभर धावण्याची मुभा मिळाली आणि दोन चालींत मात होणे शक्य झाले. आपल्याकडच्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे, आणि आजच्यासारखा किल्लेकोट नसून राजाला एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे उडी घेण्याची सवलत असायची. त्या खेळात दोन्ही बाजू बराच वेळ आपापल्या भागात रचना करत बसू शकत, कारण समोरचा अचानक अंगावर येण्याचा धोका कमी होता. पंजाबचे मीर सुलतान खान याच नियमांवर वाढले. १९२९ मध्ये ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी विश्वविजेता कापाब्लांका याला हरवले. त्यांचे डाव पाहिले तर सुरुवात अनेकदा अवघडलेली दिसते. मधला आणि शेवटचा खेळ मात्र थोर. सुरुवातीचे शास्त्र ज्याच्या हाताशी नव्हते अशा माणसाने हे केले, याबद्दल मला त्यांचा अपार आदर वाटतो. २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

देशी खेळातून आलेल्या आणखी एका माणसाने जगाला सुरुवातीची एक नवी दृष्टी दिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश वकील महेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याशी शेकडो डाव खेळला. महेशचंद्र जी आणि डी प्यादी एकेक घर सरकवून उंट जी७ वर बसवत, पांढऱ्याला मध्यभागी प्यादी रचू देत, आणि मग त्या प्याद्यांवर दुरून मारा करत. युरोपातल्या जाणकारांना तेव्हा हे विचित्र वाटले. १९२०च्या दशकात निम्झोविच आणि रेटी यांनी तोच विचार सिद्धान्ताच्या रूपात मांडला: मध्यभाग प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे असे नाही, मोहऱ्यांच्या माऱ्याखाली असला तरी चालेल. किंग्ज इंडियन आणि त्याच्या भावंडांच्या नावांत आपल्या देशाचा उल्लेख आला तो या परंपरेमुळे. नव्या खेळाडूने मात्र सुरुवातीची एक-दोन वर्षे ई४ आणि डी४ अशीच प्यादी पुढे टाकावीत असे माझे मत आहे. दुरून मारा करण्याची कला अवघड आहे. मध्यभाग हातात असताना काय काय करता येते हे अनुभवल्याशिवाय तो समोरच्याला देऊन पुढे काय करायचे ते कळत नाही.

शिकण्यासाठी इटालियन डाव फार चांगला. ई४, ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, उंट सी५. पांढऱ्याचा किल्लेकोट, काळ्याचा दुसरा घोडा एफ६ वर. पांढऱ्याचे प्यादे डी३, काळ्याचाही किल्लेकोट. पाच चालींत दोन्ही राजे सुरक्षित, आणि एकही चाल अशी नाही की जिचे कारण सांगता येणार नाही. हा डाव चारशेहून अधिक वर्षे जुना आहे आणि आजचे सर्वोच्च खेळाडूही तो आवडीने खेळतात.

दहाच चाली का, याचा हिशेब सोपा आहे. मध्यभागाची दोन प्यादी, दोन घोडे, दोन उंट, एक किल्लेकोट आणि वजिराला मागच्या रांगेतून एक पाऊल पुढे घेणे, या आठ चाली. तेवढ्यात दोन्ही हत्तींमधली घरे मोकळी होऊन ते एकमेकांना आधार देऊ लागतात. आणखी दोन चालींत ते डी आणि ई रांगांवर येतात. प्रत्यक्ष डावात हे क्वचितच सरळ होते, समोरचाही खेळत असतो. तरी घरी सराव करताना दहाव्या चालीला डाव थांबवावा, दोघांनी मिळून कोणाचे किती मोहरे अजून जागेवरच आहेत ते मोजावे, आणि मग पुढे खेळावे. सुट्टीत आजोबा-नातवंडे खेळतात तिथेही हे सहज करता येईल. डाव संपल्यावरही हरण्याचे कारण शोधायचे तर आधी या दहा चालींपासून शोधावे; पंचविसाव्या चालीला गेलेल्या घोड्याचे मूळ पुष्कळदा सहाव्या चालीत सापडते.

पॅरिसच्या डावात काळ्याने तिसऱ्या चालीला काय करायला हवे होते, ते आता पटावर खेळून पाहा. पांढऱ्याने डी४ खेळले आहे. काळ्याने ई५ च्या प्याद्याने ते प्यादे मारावे. पांढरा घोड्याने परत मारेल. मग काळ्याचा घोडा एफ६ वर, ई४ च्या प्याद्यावर चालून. पांढरा ते सी३ च्या घोड्याने राखेल. काळ्याचा उंट ई७ वर, आणि सहाव्या चालीला किल्लेकोट. काळ्याची जागा थोडी दाटीची आहे, मध्यभागात पांढऱ्याचे वर्चस्व आहे. पण राजा कोटात आहे, राजाच्या बाजूचे उंट आणि घोडा दोघेही बाहेर आहेत, सी८ च्या उंटाची वाट मोकळी आहे, आणि मॉर्फीला बळी द्यायला एकही जागा दिसत नाही.